‘पर्सन’ म्हणजे केवळ माणूस नव्हे

‘पर्सन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला असता शाळकरी मुलगाही ‘माणूस’ किंवा ‘व्यक्ती’ असे उत्तर देतो आणि शिक्षक ते बरोबर धरून पुढे जातात. कायद्याच्या परिभाषेत कंपनीला, देवस्थानाला आणि अलीकडे नदीलाही हा शब्द लावला जातो, हे सुशिक्षित वाचकास ठाऊक असते; परंतु तो त्याकडे वकिलांनी सोयीसाठी काढलेली एक युक्ती म्हणून पाहतो. शब्दाचा मूळ अर्थ मनुष्यप्राणी, आणि बाकीचे सारे अर्थ त्याच्यावर मागाहून चढविलेली कलमे, असा हा सर्वमान्य समज आहे. हा समज उथळ आहे, आणि ज्या शब्दावर माणसांचे हक्क अवलंबून राहिले त्या शब्दाविषयीचा असल्यामुळे तो अपायकारकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा सिद्धांत असा की, ‘पर्सन’ हा शब्द कोणत्याही प्राण्याचे वर्णन करीत नाही. तो एका व्यवस्थेतील स्थान सांगतो. ज्याला झालेली इजा ही त्याची स्वतःचीच इजा म्हणून गणली जाते, आणि त्या इजेची फिर्याद ज्याच्या नावाने गुदरता येते, तो पर्सन. बैलाचा पाय मोडला तर पंचनाम्यात नुकसान मालकाचे लिहिले जाते. मालकाचा पाय मोडला तर ते त्याचे स्वतःचे लिहिले जाते. दुःख बैलालाही होते आणि मालकालाही होते. फरक आहे तो दप्तरात कोणाच्या नावाचे पान उघडले जाते एवढ्याचाच. हे पान कोणासाठी उघडावे, याविषयी जे वाद गेल्या दोन हजार वर्षांत झाले, त्यांचाच इतिहास म्हणजे या शब्दाचा इतिहास होय.

१. अर्थाचा क्रम उलटा आहे

लॅटिन भाषेत ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. ज्यातून आवाज घुमतो तो मुखवटा, अशी व्युत्पत्ती रोमन पंडितच देत असत, पण ती आज ग्राह्य मानली जात नाही. एट्रुस्कन लोकांच्या थडग्यातील भित्तिचित्रांत मुखवटा घातलेल्या आकृतीशेजारी ‘फेर्सु’ असा शब्द लिहिलेला सापडतो, त्याच्याशी याचा संबंध असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुखवट्यावरून भूमिका, आणि रंगभूमीवरील भूमिकेवरून समाजातील व न्यायासनापुढील भूमिका, असा अर्थ विस्तारत गेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गायस या रोमन कायदेपंडिताने सर्व कायद्याची विभागणी पर्सन, वस्तू आणि दावे अशा तीन प्रकरणांत केली. त्याच्या ग्रंथात गुलामाचा उल्लेख पहिल्या प्रकरणातही येतो आणि दुसऱ्यातही; एका ठिकाणी तो मनुष्यवर्गाचा एक भेद म्हणून येतो, तर दुसऱ्या ठिकाणी शेतजमीन आणि जनावरे यांच्या पंक्तीस बसणारी मालमत्ता म्हणून. गुलाम हा माणूस आहे याविषयी गायसला तिळमात्र शंका नव्हती. तरीही त्याच्या हातापायांची किंमत मालकाच्या खात्यावर लिहिली जात होती.

यानंतर हा शब्द धर्मवेत्त्यांच्या हाती गेला. एकाच ईश्वरी तत्त्वात तीन ‘पर्सोना’ आहेत ही मांडणी तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियनने केली, आणि सहाव्या शतकात बोएथियसने विवेकयुक्त स्वभावाचे स्वतंत्र द्रव्य अशी या शब्दाची व्याख्या केली. देव, देवदूत आणि मनुष्य या तिन्हींना सामावून घेण्यासाठीच ती केलेली होती. म्हणजे मनुष्यत्वाशी हा शब्द त्या काळीही समव्याप्त नव्हता. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून इंग्रजीत उतरताना त्याची दोन रूपे झाली: एक ‘पर्सन’ आणि दुसरे ‘पार्सन’, म्हणजे गावच्या चर्चचा अधिकारी उपाध्याय. एकाच शब्दाला उपाध्यायाचा अर्थ का यावा, याचा खुलासा अठराव्या शतकात ब्लॅकस्टनने आपल्या भाष्यग्रंथात केला आहे. चर्च ही डोळ्यांना न दिसणारी संस्था; तिच्या जमिनीचे व उत्पन्नाचे दावे चालवण्यास जो तिच्या वतीने उभा राहतो तो तिचा ‘पार्सन’, आणि एक उपाध्याय मरून दुसरा आला तरी कायद्याच्या दृष्टीने तो पार्सन एकच. तेव्हा संस्थेला ‘पर्सन’ म्हणणे ही आधुनिक कंपनीवाल्यांनी काढलेली टूम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, इंग्रजी खेड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी हा अर्थ शेकडो वर्षे वावरत होता.

तत्त्वज्ञांपैकी हे मर्म ज्याने नेमके ओळखले तो जॉन लॉक होय. आपल्या मानवी आकलनविषयक निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने एक नवे प्रकरण घातले आणि त्यात ‘मॅन’ व ‘पर्सन’ यांची फारकत केली. ‘मॅन’ ही एका जातीच्या देहाची संज्ञा, आणि ‘पर्सन’ ही न्यायव्यवहारातील संज्ञा: कोणते कृत्य कोणाच्या माथी लागू करावे, स्तुती व निंदा, बक्षीस व शिक्षा कोणाच्या पदरी घालावी, हे ठरवण्यासाठी योजलेला शब्द. स्मृती आणि जाणीव यांच्यावर लॉकने रचलेला पुढचा सिद्धांत मला मान्य नाही. झोपलेला, बेशुद्ध किंवा स्मृतिभ्रंश झालेला मनुष्य त्याच्या कसोटीस उतरणे कठीण आहे. पण त्याची पहिली पायरी, म्हणजे हा शब्द वर्णनाचा नसून हिशेबाचा आहे ही, भक्कम आहे.

२. माणूस असूनही ‘पर्सन’ नव्हे

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या वापरातील तंट्यांवरून कळतो. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा तीत ‘गुलाम’ हा शब्द कोठेही येऊ दिला नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना स्वतंत्र पर्सन्सची पूर्ण गणना करावी आणि ‘इतर सर्व पर्सन्स’ची तीन-पंचमांश धरावी, असे कलम घातले गेले. हा शब्द येथे दोन कामे करतो: मालकांच्या राज्यांना अधिक जागा मिळाव्यात म्हणून गुलामांना मोजतो, आणि ते गुलाम आहेत हे कागदावर दिसू देत नाही. मोजणीपुरता पर्सन, बाजारात माल. ‘गुलामगिरी’ हा शब्द त्या घटनेत प्रथम आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती प्रथा रद्द करण्यासाठी.

याहून बोधप्रद प्रकरण आहे पाँका जमातीचा नायक स्टँडिंग बेअर याचे. त्याच्या जमातीला १८७७ मध्ये नेब्रास्कातील वडिलोपार्जित भूमीवरून उठवून दक्षिणेस दूरच्या मुलखात नेण्यात आले. तेथे त्याचा मुलगा दगावला, आणि त्याला पूर्वजांच्या मातीत पुरण्यासाठी १८७९ च्या जानेवारीत काही सोबत्यांसह तो परत निघाला. सैन्याने त्याला अटक केली. बेकायदा अटकेतून सुटकेचा अर्ज ‘कोणत्याही पर्सन’ला करता येतो, असे कायद्याचे शब्द होते; पण सरकारी वकिलाचे म्हणणे असे की, आदिवासी ‘इंडियन’ हा त्या शब्दाच्या अर्थात बसत नाही, सबब अर्जच चालू शकत नाही. न्यायाधीश डंडी यांनी मे महिन्यात हा आक्षेप फेटाळून त्याची मुक्तता केली, आणि तसे करताना वेबस्टरच्या कोशातील अर्थाचा आधार घेतला.

येथे माझा प्रतिपक्षी म्हणेल की, पाहा, अखेर कोशातल्या ‘माणूस’ या साध्या अर्थानेच त्याला सोडवले. परंतु तो कोश आदल्या वर्षीही कपाटात होता, आणि जमातीला हुसकावून लावणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तो वाचता येत होता. स्टँडिंग बेअरच्या मनुष्यत्वाविषयी अटकेच्या दिवशीही कोणाला संशय नव्हता. संशय होता तो त्याची फिर्याद ऐकण्यास कचेरी बांधील आहे की नाही याचा, आणि न्यायाधीशांनी जे ठरवले ते हेच.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा वाद साठ वर्षे चालला. १८६७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात मताधिकाराचे बिल आले असता जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यातील ‘मॅन’ हा शब्द काढून तेथे ‘पर्सन’ घालावा अशी दुरुस्ती सुचवली. एका शब्दाची दुरुस्ती. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. तथापि १८५० च्या एका कायद्याने असे ठरवून ठेवले होते की, कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. त्याच्या बळावर मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांनी मतदार म्हणून नोंद मागितली, आणि १८६८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, मताधिकारापुरता हा नियम लागू नाही. दंड आणि कर यांच्या कलमांत ‘ही’ (he) हे इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम म्हणजे स्त्रीसुद्धा. हक्काच्या कलमात ‘ही’ म्हणजे पुरुषच. पुढे १९१३ साली सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्या ग्विनेथ बेब यांना इंग्लंडच्या अपील न्यायालयाने सांगितले की, सॉलिसिटरांविषयीच्या कायद्यातील ‘पर्सन’ या शब्दात स्त्री येत नाही.

हे वारे आपल्याकडेही पोचले. रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर स्त्रीने वकिलीची परवानगी मागितली असता कलकत्ता हायकोर्टाने १९१६ मध्ये ती नाकारली, आणि १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटणा हायकोर्टाकडून तेच उत्तर मिळाले. पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावे हा नियम १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये होताच; पण प्रकरणाचा संदर्भ विरुद्ध असल्यास तो लागू नाही अशी पुस्तीही त्याला होती, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हाच तो विरुद्ध संदर्भ असे न्यायाधीशांनी मानले. १९२१ मध्येच अलाहाबाद हायकोर्टाने मात्र निराळा मार्ग धरला आणि कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकिलांच्या यादीत घातले. नाशिकात जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या या विदुषीने ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. म्हणजे परीक्षेनंतर सुमारे तीन दशके तिला अधिकाराने न्यायालयात उभे राहता आले नाही. अखेर १९२३ च्या कायद्याने केवळ स्त्री म्हणून वकिलीस अपात्र ठरवणे बंद झाले.

या निकालांतील न्यायाधीशांवर दुष्टपणाचा आरोप करण्यात अर्थ नाही. त्यांनी जे म्हटले ते काळजीपूर्वक वाचले तर माझाच सिद्धांत त्यांच्या मुखातून बाहेर पडतो. स्त्री ही माणूस नाही असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. त्यांनी म्हटले ते एवढेच की, ‘पर्सन’ या शब्दाची व्याप्ती वहिवाटीने ठरते, आणि वहिवाटीत या जागेवर स्त्री कधी बसलेली नाही. शब्द स्थानवाचक आहे हे त्यांना पुरते माहीत होते. स्थान रिकामे असता त्यावर कोणी बसावे याचा निर्णय करण्याची जबाबदारी मात्र त्यांनी शब्दावर ढकलली.

कॅनडातील पाच स्त्रियांनी हीच गाठ सोडवली. १८६७ च्या घटना-कायद्यात सिनेटवर ‘पात्र पर्सन्स’ नेमावेत असे होते. त्यांत स्त्रिया येतात काय, हा प्रश्न एमिली मर्फी व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उपस्थित केला. १९२८ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये लॉर्ड सँकी यांनी तो फिरवला. त्यांच्या तर्कातील महत्त्वाची गोष्ट अशी की, स्त्रिया या शब्दात येतात हे सिद्ध करण्याचा बोजा त्यांनी स्त्रियांवर ठेवला नाही. त्या येऊ नयेत असे ज्यांना वाटते त्यांनी कारण दाखवावे, असे म्हटले. सारा वाद या एका बोज्याच्या अदलाबदलीने निकालात निघाला. परंतु हेही सांगितले पाहिजे की, याच एमिली मर्फी दुर्बलमनस्क ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या पुरस्कर्त्या होत्या आणि त्यांच्या आल्बर्टा प्रांतात तसा कायदा १९२८ मध्येच झाला. आणि कॅनडाच्या आदिवासी इंडियन जमातींना आपला दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मिळायला १९६० साल उजाडावे लागले. ज्याच्यासाठी दार उघडते तो आत गेल्यावर ते आपोआप उघडे राहते, असे या इतिहासात कोठेही दिसत नाही.

३. माणूस नसूनही ‘पर्सन’

आता नाण्याची दुसरी बाजू. डाकोरच्या रणछोडरायांच्या देवस्थानाच्या उत्पन्नाविषयीचा तंटा मुंबई हायकोर्टापुढे आला असता, १८८७ मध्ये न्यायमूर्ती वेस्ट यांनी असे प्रतिपादन केले की, हिंदू धर्मशास्त्र केवळ मनुष्यसमूहालाच नव्हे, तर धर्मादायासाठी स्थापन झालेल्या देवस्थानासारख्या अधिष्ठानालाही हक्काचे धारक मानते. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिल याच्याही पुढे गेले. कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील कुलदेवता कोणत्या घरी ठेवावी, हा भाऊबंदांचा तंटा होता. न्यायासनाने सांगितले की, देवतेची स्वतःची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी तंट्यात हितसंबंध नसलेला एक प्रतिनिधी नेमावा. या तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १८८७ मध्ये पाषाणमूर्तीच्या नावाने खाते उघडले होते, आणि १९१६ मध्ये पदवी हातात घेऊन समोर उभी असलेली स्त्री त्याच देशातल्या न्यायालयात ‘पर्सन’ या शब्दाबाहेर राहिली होती. शब्दाचा अर्थ ‘माणूस’ असता तर या दोन्ही गोष्टी घडणे अशक्य होते.

देवतेचे स्वामित्व ही इंग्रज न्यायाधीशांची कल्पना, असाही समज आहे. परंतु आपल्या मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी घासूनपुसून पाहिला होता. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामी म्हणतात की, ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ हे बोलणे औपचारिक आहे. कारण स्वामी तो, जो आपल्या इच्छेनुसार वस्तूचा विनियोग करतो, आणि देवता तसा करीत नाही. शबरांची ही कसोटी फार कडक आहे, पण ती प्रामाणिक आहे. तिच्यापुढे आजची कंपनी तरी कोठे टिकते? १८९६ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या चामड्याच्या बुटांच्या कारखानदाराच्या खटल्यात ठरवले की, ज्या कंपनीच्या २०,००७ भागांपैकी २०,००१ भाग एकाच मनुष्याच्या हाती आहेत आणि उरलेले त्याच्या कुटुंबीयांकडे, ती कंपनीसुद्धा त्या मनुष्याहून भिन्न पर्सन आहे. कंपनीचे कर्ज ते त्याचे कर्ज नव्हे. इच्छा त्याची, हात त्याचे, खाते मात्र निराळे.

नदीच्या बाबतीत या कल्पनेची परीक्षा अलीकडेच झाली. न्यूझीलंडने २०१७ मध्ये कायदा करून वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तित्व दिले, आणि तिच्या वतीने बोलण्यास सरकारचा एक व तेथील माओरी जमातींचा एक, असे दोन मुखत्यार नेमले. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा व यमुना यांना तसेच व्यक्तित्व जाहीर केले. पण महापुरात ज्यांची घरे वाहून गेली त्यांनी नुकसानभरपाई नदीकडे मागावी की नदीच्या नावाने नेमलेल्या सचिवाकडे, अशी शंका राज्य सरकारनेच उपस्थित केली, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमास स्थगिती दिली. दोन्ही ठिकाणी शब्द एकच होता. एका ठिकाणी मुखत्यार, निधी, जबाबदारी यांचा सारा तपशील अगोदर लिहिलेला होता, आणि दुसऱ्या ठिकाणी शब्द आधी येऊन तपशील मागे राहिला.

४. रोजच्या बोलण्याची साक्ष

हे सारे कोर्टकचेरीचे झाले, सामान्य इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी हा शब्द साधा ‘माणूस’ याच अर्थी येतो, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. रस्त्यात चार माणसे दिसली तर इंग्रज त्यांना ‘पीपल’ म्हणतो. ‘पर्सन्स’ हे अनेकवचन त्याला आठवते ते पोलिसांच्या जाहीरनाम्यात आणि सूचनाफलकावर. आपल्याकडील इमारतींच्या लिफ्टमध्ये ‘६ पर्सन्स, ४०८ किलो’ अशी पाटी असते. तेथे हा शब्द नाव, वय, लिंग, पेशा सारे पुसून प्रत्येकाला ६८ किलोंचा एक एकक बनवतो. ‘इन पर्सन’ म्हणजे स्वतः हजर, म्हणजे मुखत्यारामार्फत नव्हे. हा हजेरीचाच अर्थ आहे. आणि ज्याला तुच्छतेने वागवले जाते असा मनुष्य ‘मीही एक पर्सन आहे’ असे जेव्हा म्हणतो, तेव्हा तो आपल्या शरीराची जात सांगत नसतो; ती समोरच्याला दिसतेच आहे. आपले पान उघडा, एवढीच त्याची मागणी असते. अपंगत्वाचा उल्लेख करताना आधी ‘पर्सन’ हा शब्द ठेवावा आणि व्यंगाचा उल्लेख मागाहून करावा, असा आग्रह तशा लोकांच्या संघटनांनी धरला तोही याच भावनेने.

व्याकरणातही हाच शब्द आहे, आणि तेथे तो मला सर्वांत स्पष्ट वाटतो. बोलणारा, ज्याच्याशी बोलायचे तो, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो, असे तीन ‘पर्सन’. मराठी व्याकरणात त्यांनाच आपण पुरुष म्हणतो. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रकरणात ज्यांचा निकाल व्हावयाचा ते लोक दीर्घकाळ केवळ तृतीयपुरुषी होते. त्यांच्याविषयी बोलले जात होते. स्टँडिंग बेअर न्यायालयात उभा राहून दुभाष्यामार्फत बोलला, कॉर्नेलिया सोराबजी यांना बोलण्याची सनद मिळाली, तेव्हा त्यांच्या पर्सनपणाला व्याकरणाचा पहिला पुरुष प्राप्त झाला.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. ‘पर्सन’ हे जर व्यवस्थेने दिलेले स्थान असेल, तर व्यवस्था ते काढूनही घेऊ शकेल. मग माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचे काय? माझे उत्तर असे की, हक्काचा आधार आणि हक्काची नोंद या दोन गोष्टी भिन्न आहेत. आधार मनुष्यत्वातच आहे आणि तो कोणाच्या मर्जीचा नाही. पण नोंदीवाचून आधार निराधार राहतो, हे विसाव्या शतकाने रक्ताने लिहून दाखवले. हॅना आरेंट यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, सर्वंकष सत्तेची पहिली पायरी म्हणजे माणसातील कायदेशीर पर्सन नष्ट करणे. देहाचा नंबर मागाहून लागतो. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या सहाव्या कलमात, प्रत्येकाला कायद्यापुढे सर्वत्र पर्सन म्हणून मान्यता मिळण्याचा हक्क आहे, असे वेगळे लिहावे लागले. माणूस आणि पर्सन हे समानार्थी असते तर ते कलम निरर्थक ठरले असते. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘सर्व मानव’ अशा अर्थाचे शब्द यावेत म्हणून ज्यांनी आग्रह धरला त्या हंसा मेहता. मुंबईच्या कायदेमंडळात काम केलेल्या या स्त्रीला शब्दांची वहिवाट काय करू शकते याचा अनुभव होता.

दुसरा आक्षेप असा की, कंपन्यांना हा शब्द बहाल केल्याने माणसाचा अवमान होतो. यात तथ्य आहे. अमेरिकेत चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये झाली ती मुक्त गुलामांच्या संरक्षणासाठी. १८८६ मध्ये एका रेल्वे कंपनीच्या कराच्या खटल्यात, तिचे संरक्षण कंपन्यांनाही आहे अशा मताची सरन्यायाधीशांनी सुनावणीपूर्वी केलेली तोंडी नोंद निकालपत्रांच्या संपादकाने मथळ्यात छापली आणि पुढे तीच प्रमाण ठरली. निकालपत्रात त्या प्रश्नाची चर्चाच नाही. एवढा मोठा अर्थविस्तार चर्चेवाचून व्हावा हे मला अक्षम्य वाटते. तथापि उपाय शब्द हिरावून घेण्यात नाही. कोणत्या कामापुरते पान उघडले आहे ते लिहून ठेवण्यात आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये राज्य व्यापार महामंडळाच्या खटल्यात हेच केले: कंपनी पर्सन असेल, पण नागरिक नाही, सबब नागरिकांसाठी राखलेली एकोणिसाव्या कलमातील स्वातंत्र्ये तिला मागता येणार नाहीत.

तिसरा आक्षेप म्हणजे, एकदा दार सैल झाले की यंत्रेही आत येतील. त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये ठरवले की, पेटंटच्या कायद्यात शोधक हा मनुष्यच असावा लागतो, यंत्र नव्हे. यंत्राला झालेली मोडतोड ही आज तरी कोणाची ना कोणाची मालमत्तेची हानी आहे. तिला स्वतःची इजा म्हणण्यास आधार दिसत नाही.

६. बैलाचा प्रश्न

बैलाच्या बाबतीत मात्र आधार दिसतो, आणि म्हणूनच हा प्रश्न मला यंत्राहून शतपट महत्त्वाचा वाटतो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा एकविसाव्या कलमातील ‘जीवित’ या शब्दाची व्याप्ती प्राण्यांपर्यंत नेण्याकडे त्याचा कल होता. नंतर राज्यांनी कायदे दुरुस्त केले, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते ग्राह्य धरताना म्हटले की, चौदाव्या कलमाचे संरक्षण नागरिकापुरते नसून पर्सनला दिलेले असले, तरी बैलाला त्या शब्दात आणण्याचे धाडस न्यायालयाने करू नये. शर्यती चालू राहाव्यात की नाही, यावर शेतकरी आणि प्राणिमित्र यांच्यात प्रामाणिक मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. पण बैल माणूस नाही म्हणून तो पर्सन नाही, एवढ्या युक्तिवादावर जे समाधान मानतात, त्यांनी डाकोरचा निकाल पुन्हा वाचावा. बैलाला ते स्थान नाकारायचे असेल तर त्याचे कारण दुसरे द्यावे लागेल, आणि ते द्यावे.

आपल्या राज्यघटनेच्या मराठी प्रतीत ‘पर्सन’च्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. चौदाव्या व एकविसाव्या कलमांतील संरक्षण त्याच शब्दाला आहे, नागरिकाला नव्हे. म्हणूनच १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांना, ते नागरिक म्हणून नोंदलेले नसताही, त्याचा आसरा मिळाला. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टने मात्र या शब्दाची पूर्ण व्याख्या केलेली नाही. कंपनी, संघ, मंडळी यांचा त्यात समावेश होतो एवढेच सांगून तो थांबतो. वाचकांस माझी विनंती आहे की, कोणताही नवा कायदा, नियमावली अथवा सरकारी ठराव हाती आला आणि त्यात ‘व्यक्ती’ हा शब्द दिसला, तर तो माणूस म्हणून वाचून पुढे जाऊ नये. या कामापुरते कोणाकोणाच्या नावाने पान उघडले आहे आणि कोणाच्या नावाने नाही, हे ग्रामसभेत, सभागृहात, कचेरीत उभे राहून विचारावे, आणि वगळलेल्यांना का वगळले याचे कारण वगळणाऱ्याकडून लेखी मागावे.